हिशेबात न बसलेली गाडी

आमच्या घरात कुठलीही वस्तू घेण्याआधी एक प्रश्न विचारला जातो. तो कुणी ठरवून सुरू केला नाही, पण वीस वर्षं चालत आला आहे. "गावी नेता येईल का?" मिक्सर घेताना तो विचारला. इथली वीज १२० व्होल्टची, तो मिक्सर कोकणात चालणार नाही, म्हणून दुकानातला सगळ्यात स्वस्त उचलला. शिलाई मशीन घेताना विचारला. जाड दुलई घेताना विचारला, आणि दापोलीच्या उकाड्यात ही कोण पांघरणार म्हणून पहिले दोन हिवाळे पातळ पांघरुणात कुडकुडत काढले. विमानात माणशी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा नेता येतात. त्या बॅगांत मावेल ते आपलं आणि उरेल ते इथलं, अशी वाटणी आम्ही मनाशी केव्हाच करून टाकली होती.

२०२४ च्या ऑक्टोबरात आमच्या सोळा वर्षांच्या मुलाने आम्हांला एक वस्तू दाखवली. तिला हा प्रश्न विचारण्यात काही अर्थच नव्हता. ती स्नोमोबाइल होती.

आम्ही दोघं नवरा-बायको २००४ साली कॅनडात आलो आणि कामामुळे सडबरीला राहिलो. टोरांटोच्या उत्तरेला सुमारे चारशे किलोमीटरवरचं हे निकेलच्या खाणींचं शहर. आमच्यातला एक खाणीतल्या यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करतो, दुसरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. मुलगी शिकायला टोरांटोला गेली, मुलगा अजून घरी आहे. या शहराच्या हद्दीत लहानमोठी ३३० तळी मोजतात. त्यांतल्या एका तळ्यापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात तळं गोठतं आणि एप्रिलपर्यंत गोठलेलं असतं. त्या दिवसांत त्याच्यावरून माणसं चालतात, भोक पाडून मासे धरतात, आणि स्नोमोबाइल पळवतात.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर तिला चाकं नसतात. पुढे दोन पट्ट्या असतात, त्या बर्फावर घसरतात आणि हँडल वळवलं की वळतात. मागे रबराचा रुंद पट्टा असतो. इंजिन तो फिरवतं आणि गाडी रणगाड्यासारखी पुढे सरकते. बसायचं मात्र मोटारसायकलसारखं. इथले लोक तिला स्लेड म्हणतात. आमच्या मुलाच्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी ती आहे. शनिवारी ती मुलं जंगलातल्या वाटांनी निघून जातात. सोमवारी शाळेत त्याच गोष्टी चालतात. आमचा मुलगा त्या ऐकतो.

दुकानातली ती गाडी गेल्या हंगामातली होती. गिऱ्हाइकांना फिरवून दाखवण्यासाठी ठेवलेली, फक्त ४१२ किलोमीटर चाललेली, दोघांना बसता येईल अशी. नवी असती तर १६,००० डॉलरच्या घरात गेली असती. ही ९,५०० ला देत होते. तेरा टक्के कर धरून १०,७३५. आम्ही सवयीने रुपये केले. डॉलरला ६१ च्या भावाने साडेसहा लाख झाले.

साडेसहा लाख हा आकडा ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं. महिन्यापूर्वीच मुंब्र्याहून थोरल्या भावाने गावच्या घराच्या छपराचा अंदाज कळवला होता. तोही जवळपास एवढाच होता.

गावचं घर दापोली तालुक्यात, खाडीकाठी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा त्या घराची निम्मी कौलं उडाली आणि परसातला फणस मागच्या पडवीवर पडला. अम्मी तेव्हा घरातच होती. ओटीवरच्या कोपऱ्यात कुराण शरीफ छातीशी धरून ती चार तास बसून होती, हे तिने आम्हांला फार नंतर सांगितलं. विमानं बंद होती, आम्हांला जाता आलं नाही. भावाने तिला मुंब्र्याला नेलं. घरावर ताडपत्री घातली, एका बाजूला पत्रे टाकले आणि तसंच चार पावसाळे गेले. वासे कुजत होते. आम्ही इथे दर महिन्याला थोडे डॉलर बाजूला टाकत होतो. त्या पैशांना घरात नावच होतं, 'छपराचे पैसे'. दुसरे पैसे आमच्याकडे नव्हते.

मुलाला हे ठाऊक होतं. तरी त्याने विचारलं. आणि खरं सांगायचं तर आम्हांलाही लगेच 'नाही' म्हणवलं नाही.

अब्बा जहाजावर खलाशी होते. नोकरी सुटल्यावर गावी येऊन त्यांनी एक जुनी यांत्रिक होडी घेतली. अगदी स्वस्तात मिळाली. लाकूड ठणठणीत, मशीन एका हाकेला चालू होणारं. विकणाऱ्याने निम्म्या किमतीत का दिली, हे अब्बांना दोन वर्षांनी उमगलं. खाडीचं मुख गाळाने भरत चाललं होतं. ओहोटीला होडी बाहेर काढता येईना, भरतीची वाट बघत अर्धा दिवस जाई. अब्बा म्हणायचे, "होडीत खोट नव्हती, खाडीत होती. वस्तू स्वस्त मिळाली की आधी विचारायचं, स्वस्त का झाली?"

म्हणून आम्ही विचारलं. उत्तर दुकानदाराने मोकळेपणाने दिलं. २०२३-२४ चा हिवाळा कॅनडाच्या नोंदींतला सर्वांत उबदार हिवाळा ठरला होता. आमच्या भागात डिसेंबरात पाऊस पडला, फेब्रुवारीत अंगणातलं गवत दिसलं. जंगलातल्या कित्येक वाटा थोडेच दिवस उघडल्या, काही उघडल्याच नाहीत. लोकांनी गाड्या घेतल्या नाहीत, दुकानांत मागच्या वर्षीचा माल साचला. यामाहासारख्या जुन्या कंपनीने तर २०२३ मध्येच जाहीर केलं होतं की २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबाइल बनवणार नाही. तेव्हा ही गाडी कमी चालली होती ती कुणी जपून वापरली म्हणून नव्हे. तिला चालायला बर्फच मिळाला नव्हता. सवलत दुकानदाराने दिली नव्हती, न पडलेल्या बर्फाने दिली होती. अब्बांची होडी पुन्हा आमच्या दारात उभी राहिली.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांचे वडील फिनलंडहून इथे खाणीत कामाला आले होते. स्वतः तेही खाणीत राबले. आमच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी न सांगता आमच्या दारातला बर्फ काढला होता, तेव्हापासून ते आमच्या घरचे. मुलं त्यांना लहानपणापासून 'आजोबा' म्हणतात, अगदी मराठीत. त्यांना त्या शब्दाचा अर्थ कळल्यावर फार आनंद झाला होता. त्यांना आम्ही गाडी बघायला नेलं.

आजोबांनी आकड्याकडे बघितलंच नाही. ते गुडघ्यावर बसले आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला हात घालून चाचपत राहिले. तिथे लोखंडी रुळांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावलेल्या असतात. पट्टा त्यांच्यावरून घासत फिरतो. त्यांना गार ठेवण्याचं काम बर्फ करतो. इंजिनातलं गरम पाणीसुद्धा पट्ट्याने उडवलेल्या बर्फानेच गार होतं. म्हणजे या गाडीला बर्फ नुसता चालायला लागत नाही, श्वास घ्यायलाही लागतो. आजोबा म्हणाले, चांगल्या बर्फात दोन हजार किलोमीटर चाललेली गाडी परवडेल, पण उघड्या गोठलेल्या तळ्यावर आणि खडीवर चारशे किलोमीटर ओढलेली नको. मग त्यांनी पुढच्या पट्ट्यांखालच्या धारा बघितल्या. इंजिनाची ताकद चाकांऐवजी पट्ट्याकडे नेणारा रबरी बेल्ट काढून त्याला भेगा आहेत का ते पाहिलं. गाडी थंड असताना चालू करायला लावली. आमच्यातल्या यंत्रवाल्याने इंजिनाचा दाब तपासला.

तासाभराने आजोबा हात पुसत उठले. गाडी चांगली होती. प्लॅस्टिकच्या पट्ट्या थोड्या झिजलेल्या होत्या, त्या बदलायला फार पैसे लागणार नव्हते.

घरी येताना मोटारीत आम्ही गप्प होतो. गाडीत खोट सापडली असती तर आम्ही सुटलो असतो. आता 'नाही' म्हणायचं तर ते आम्हांलाच म्हणावं लागणार होतं.

त्या आठवड्यात जेवणानंतर रोज हिशेब झाला. नुसत्या १०,७३५ वर भागत नव्हतं. ओंटारिओत स्नोमोबाइलची नोंदणी लागते, विमा सक्तीचा, जंगलातल्या वाटांवर जायचं तर दर वर्षी वेगळा परवाना. त्या वाटा गावोगावचे क्लब राखतात. सगळ्या मिळून सुमारे ३०,००० किलोमीटर भरतात. गाडी वाहून न्यायला ट्रेलर हवा. हेल्मेट हवीत, कपडे हवेत. बारीकसारीक धरून आणखी तीन हजार. मुलाचे घरचे हिवाळे उरले दोन, मग तो कॉलेजला जाईल. हिवाळ्यात वीस दिवस चालली तर दोन हिवाळ्यांत चाळीस. आमच्यातल्या प्रयोगशाळेवालीने कागदावर भागाकार करून दाखवला. एका दिवसाला सुमारे ३४० डॉलर.

मुलगा कागद बघत राहिला. मग त्याने अगदी शांतपणे विचारलं, "आणि गावचं घर? गेल्या दहा वर्षांत आपण तिथे किती दिवस राहिलो?"

आम्ही मोजलं. चार खेपा, एकसष्ट दिवस. त्यांतही वादळानंतरच्या खेपेला मुक्काम मुंब्र्यालाच, गावी दोन रात्री. पुढची दहा वर्षं तशीच गेली तर साडेसहा लाखांच्या छपराखाली एका दिवसाचा दर दहा हजार रुपयांच्या वर जात होता. दापोलीतलं चांगल्यातलं चांगलं लॉज त्याहून स्वस्त पडलं असतं. अम्मी ऐंशीची. ती तिथे एकटी राहणार नव्हती, भाऊ तिला राहू देणार नव्हता. ज्या भागाकाराने आम्ही स्नोमोबाइल खोडली, त्याच भागाकाराने घरही खोडलं जात होतं.

"घराचा हिशेब असा नसतो," आम्ही दोघंही एकदम बोललो.

"मग याचा का असतो?" तो म्हणाला आणि उठून गेला.

जुम्याच्या नमाजनंतर आम्ही एक-दोघांकडे विषय काढला. आमची मशीद लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. कुणी म्हणालं, हे गोऱ्यांचे छंद, पैसा आणि हाडं दोन्ही मोडतात. कुणी म्हणालं, हप्त्यावर घ्या, महिन्याला कळणारही नाही. हप्ता म्हणजे व्याज. घर घेताना आम्ही बँकेशी जो समझोता केला तो अजून छातीत सलतो. राहायला छप्पर हवं म्हणून तो केला. खेळासाठी तोच पुन्हा करायचा नाही, एवढं आमचं पक्कं होतं. मुलाने हे ऐकून आपला पुरावा आणला. २०१० साली विनिपेगमध्ये एक छोटी मशीद बांधून ती ट्रकवर आणि मग मॅकेंझी नदीतून तराफ्यावर घालून सुमारे चार हजार किलोमीटर दूर, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे इनुविकला नेली होती. त्याचं म्हणणं, "मशीद एवढ्या बर्फात जाऊन राहू शकते, तर आपण का नाही?"

"पण ही चैन आहे," आम्ही म्हणालो. त्यावर आजोबांनी, त्यांना कुणी विचारलं नसताना, एक गोष्ट सांगितली. क्वेबेकमधल्या वाल्कूर या गावात जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डिए नावाचा मोटार दुरुस्त करणारा राहत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गेलेले, रुग्णालय दूर. मुलगा वाचला नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग तो पोरवयापासून करत होता. त्यानंतर त्याने ते सोडले नाहीत. १९३७ मध्ये सात माणसं बसतील अशी त्याची गाडी बाजारात आली. डॉक्टर, टपालवाले, शाळेची मुलं त्यातून जाऊ लागली. १९४८ पासून क्वेबेक सरकार हिवाळ्यात गावचे रस्ते साफ ठेवू लागलं आणि त्या मोठ्या गाड्यांची मागणी घसरली. १९५९ मध्ये त्याने एकट्यादुकट्याची छोटी 'स्की-डू' काढली. आज पोरं पळवतात ती त्याच घराण्यातली.

ती गोष्ट ऐकून आम्हांला आमची एक आत्या आठवली. अब्बांची धाकटी बहीण. आषाढात पहिल्या बाळंतपणाला अडली. खाडीला उधाण होतं आणि पलीकडे दवाखाना. तरीवाल्याने दोनदा तर सोडून बघितली, दोनदा परत आणली. तिचं नाव आमच्या घरात अजून हळू आवाजात घेतात. त्या रात्रीपासून आम्ही तिच्या खाडीचा आणि त्या मेकॅनिकच्या बर्फाचा वेगवेगळा विचार करू शकलो नाही. मात्र आम्हांला कुठे दवाखान्यात जायचं होतं? आमच्या दारात तर पहाटे चारला नगरपालिकेचा नांगर येऊन रस्ता साफ करतो.

शेवटी आम्ही 'नाही' म्हणालो. मुलाला सांगितलं, पैशांत बसत नाही. दुकानात फोन करून कळवलं. त्याच शनिवारी ती गाडी दुसऱ्या कुणी नेली. छपराचे पैसे भावाला पाठवले आणि डिसेंबरची तिकिटं काढली.

नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्या दक्षिणेला, ग्रेव्हनहर्स्टच्या बाजूला इतका बर्फ पडला की महामार्ग काही दिवस बंद ठेवावा लागला. आमच्याकडेही हिवाळा वेळेवर आला. हिवाळ्याचा भरवसा नाही, हा आमच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा होता. तो अंगणात दोन हात बर्फाखाली गाडला गेला. मुलगा यावर काही बोलला नाही. त्याने बोलावं असं आम्हांला वाटत होतं.

गावी पोहोचलो तेव्हा सुतार कामाला लागला होता. अम्मीला मुंब्र्याहून सोबत आणलं होतं. अंगणात खुर्ची टाकून ती बसायची आणि कुठला वासा ऐनाचा, कुठला किंजळाचा, कुठला अब्बांनी कुणाकडून आणला होता, ते सुताराला सांगायची. शाबूत कौलं एका बाजूला रचली होती. आमचा मुलगा ती धुऊन सुकत घालायचा. काम मनापासून करायचा, पण दुपारी सगळे आडवे झाले की पडवीत बसून फोनमध्ये बघत राहायचा. आजोबा त्याला रोज तळ्याचा व्हिडिओ पाठवत होते.

एका दुपारी अम्मीने विचारलं, "हा कुठला समिंदर?"

"तळं आहे दादी. गोठलंय."

"आणि त्यावरून गाडी जाते? पाण्यावरून?"

"हो. पण अजून नाही. आजोबा थांबलेत."

"कशासाठी?"

मग तो सांगायला लागला. आम्ही आतल्या खोलीत पडलो होतो, ऐकत होतो. आपल्या भाषेत वरून पडतो तोही बर्फ आणि पाण्याचा होतो तोही बर्फ, म्हणून त्याला आधी दोन्ही वेगळे करून सांगावे लागले. पडणारा बर्फ लवकर आणि जास्त आला तर तो तळ्यावर गोधडीसारखा पसरतो आणि खालचं पाणी नीट गोठू देत नाही. वरून सगळं पांढरं, भक्कम दिसतं आणि खाली पातळ असतं. आजोबा गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजतात. चालायला पंधरा सेंटिमीटर पुरेत, स्नोमोबाइलला पंचवीस हवेत. निळसर, पारदर्शक असेल तर चांगलं. दुधी असेल तर त्याची ताकद निम्मीच धरायची. करडं दिसलं तर पाऊलच ठेवायचं नाही. ओढा तळ्याला मिळतो तिथे कधीच जायचं नाही, तिथलं पाणी हलतं असतं. दर हिवाळ्यात कुणी ना कुणी घाई करतं आणि खाली जातं. आजोबांचा एक मित्र तसाच गेला होता.

अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझे दादा पण असेच थांबायचे. आपल्या खाडीत नारळी पौर्णिमेच्या आधी कुणी होडी घालत नाही. कोळी असो, दालदी असो. पाऊस उघडला, ऊन पडलं, पाणी गप्प दिसलं, तरी नाही. जवान पोरं हसायची. ते म्हणायचे, वरून गप्प दिसतं म्हणून काय झालं."

संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर अम्मीने आम्हां दोघांना जवळ बसवलं. तिला स्नोमोबाइलचं काही ठाऊक नव्हतं, आम्ही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "ह्या पोराला तिथलं पाणी कळतं. ज्याला जिथलं पाणी कळतं, ते त्याचं गाव. इथल्या खाडीची भरती कधी, ओहोटी कधी, त्याला विचारा, सांगता येणार नाही. त्याला इथला करायला जाऊ नका. छप्पर तुम्ही माझ्यासाठी घातलंत, तुमच्यासाठी घातलंत. मला आनंद आहे. पण ते त्याच्या डोक्यावर घालू नका."

आम्ही खाली मान घालून बसलो. अम्मीने आमच्या वीस वर्षांच्या प्रश्नावर नेमकं बोट ठेवलं होतं. त्या गाडीला 'नाही' म्हणताना आम्ही मुलाला पैशांचं कारण सांगितलं होतं. पैसे कमी होते हे खरं, पण कारण ते नव्हतं. आजवर घेतलेली प्रत्येक वस्तू बॅगेत घालून परत नेता येईल किंवा जाताना जीव न दुखता मागे टाकता येईल, अशी होती. स्नोमोबाइल घेतली असती तर आम्ही इथले झालो, परत जाणार नाही, हे दारात उभं करून कबूल केल्यासारखं झालं असतं. आम्हांला त्याची भीती वाटली. आणि ती भीती आम्ही भागाकारात लपवली.

हे आम्ही मुलाला सांगितलं. नवी कौलं चढत होती, तो शिडीखाली उभा राहून एकेक वर देत होता. त्याने ऐकून घेतलं. "मला माहीत होतं," म्हणाला आणि पुढचं कौल उचललं.

छपराचा आम्हांला पश्चात्ताप नाही. तोच प्रश्न पुन्हा आला तर छप्परच घालू. अम्मी त्या नव्या छपराखाली अकरा रात्री झोपली, आणि मुंब्र्याला परतताना तिने स्वतः कडी लावली. त्या अकरा रात्रींना कुठला दर लावायचा?

जानेवारीत सडबरीला परतलो. मुलाने स्नोमोबाइलच्या परवान्याचा वर्ग केला. आजोबांकडे जुनी गाडी आहे, सरपण ओढायची, आवाज फार करते आणि धूरही. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्यांनी त्याला विचारलं, शनिवारी येशील का, लाकडं आणायची आहेत. त्याने आमच्याकडे बघितलं.

आम्ही दुकानात गेलो आणि हेल्मेट घेतलं. तिथे वापरलेलीही होती, निम्म्या किमतीत, दिसायला नव्यासारखी. पण हेल्मेट एकदा आपटलं की आतून निकामी होतं आणि वरून कळत नाही, म्हणून नवं घेतलं, पूर्ण किमतीचं. पैसे देऊन बाहेर आल्यावर लक्षात आलं की आमच्यातल्या कुणीच तो जुना प्रश्न विचारला नव्हता.

शनिवारी सकाळी आजोबांनी तळ्यात भोक पाडलं. मुलाने काठी बुडवून मोजलं आणि काठावर उभ्या असलेल्या आम्हांला ओरडून सांगितलं, "तीस!" तरीही आम्ही दोघं त्या भोकापर्यंत चालत गेलो आणि वाकून पाहिलं. बर्फ निळसर होता, पारदर्शक. मग आम्ही बाजूला झालो.